लसूणघास आणि परतवाड्याची वाट

मनकर्णा सासरी नांदायला आली तेव्हा तिच्या ओटीत खण-नारळाखाली एक पुरचुंडी निघाली. शेजारच्या दुर्गाबाईनं ती सोडून पाहिली, आतलं पिवळसर बारीक बी तळहातावर घेतलं, दाताखाली चावलं आणि निकाल दिला की माहेरच्यांनी पोरीला मेथी बांधून दिली आहे. पुढं ते बी विहिरीजवळच्या वाफ्यात उगवून आलं तेव्हा तीन-तीन पानांचे शेंडे पाहून दुर्गाबाई भाजीसाठी मूठभर खुडून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी ती सांगत आली की तुमची मेथी काही शिजत नाही, दातात अडकते. मनकर्णा हसली. सासरी आल्यावर ती पहिल्यांदा हसली ती त्या दिवशी, असं दुर्गाबाईच पुढं जन्मभर सांगत असे.

ती मेथी नव्हती, लसूणघास होता. मनकर्णेचा बाप देवीदास परतवाड्याच्या छावणीत माळी होता आणि रिसाल्याच्या घोड्यांसाठी या घासाचे वाफे राखणं एवढंच त्याचं काम होतं. लेकरू एकच, तेही मुलगी, त्यामुळे बापानं जे काही शिकवायचं ते तिलाच शिकवलं. काळ्या जमिनीत पाणी तुंबलं की या घासाचं मूळ कुजतं, म्हणून तो वरंब्यावर लावायचा. निळं फूल धरायच्या आत कापायचा. एकदा लावला की वर्षानुवर्षं राहतो, कापाल तसा फुटतो. आणि हिरवागार, ओला, उपाशी जनावरापुढं कधी टाकायचा नाही. एक ऊन दाखवून, कुटारात म्हणजे कोरड्या भुश्यात मिसळून मगच द्यायचा. सासरी जाताना बापानं बी दिलं आणि सांगितलं की तिकडं करमलं नाही तर हे पेर, याच्याकडं पाहण्यात दिवस जातो. आता यावर काय बोलावं. बापमाणसाला रडता येत नाही म्हणून तो असलं काहीतरी हातात ठेवतो.

सासर अकोटाजवळच्या खेड्यात. सासरा पुंजाराम, नवरा सूर्यभान, आणि सासू लग्नाच्या आधीच देवाघरी गेलेली. विहिरीखालचा थोडा मळा, त्यात वांगी, कांदे, मिरच्या. मोटेला आणि बंडीला जुंपायला खैऱ्या आणि चांद्या ही एक जोडी. माणसं वाईट नव्हती. पुंजाराम तुटक बोलायचा आणि सूर्यभान बोलायचाच नाही, एवढंच. सबंध घरात दिवसभर आवाज म्हणजे मोटेच्या चाकाचा. मनकर्णा संध्याकाळी विहिरीच्या धावेवर उभी राहायची आणि उत्तरेकडच्या डोंगराची निळी रेघ पूर्वेला जिथं संपते तिथं पाहत राहायची. त्या टोकाच्या पायथ्याशी परतवाडा. रेघ तीच होती, टोक तेवढं दोन दिवसांच्या वाटेवर होतं.

आपल्याकडं लेकीला माहेरी न्यायचं तर मुऱ्हाळी यावा लागतो. बाप किंवा भाऊ बंडी घेऊन येतो, चार घरी पाणी पितो आणि सगळ्यांदेखत लेकीला बसवून नेतो. पहिल्या अखजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सणाला, देवीदास तसा आलाही होता, छावणीतल्या कुणाची तरी दमणी, बसायची हलकी बंडी, मागून. पण भाऊ नाही, स्वतःचे बैल नाहीत, अशा घरचा मुऱ्हाळी किती वेळा येणार? मग सासरच्यांनीच नेऊन घालायचं. आईनं उठून यावं तर तेही नाही. नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये ही चाल, आणि मनकर्णेची कूस अजून उजवली नव्हती. राहिलं पायी जाणं. ते तर कुणी तोंडातूनही काढत नसे. पायी आलेली लेक म्हणजे टाकलेली लेक, हे लहान पोरालाही ठाऊक. वेशीत शिरायच्या आत बातमी घरी पोचते आणि माय उंबऱ्यातच छाती पिटायला लागते. चाली कुणी पाडल्या ते माहीत नाही. ज्याच्या दारात बंडी उभी होती त्यानंच पाडल्या असाव्यात असं मला वाटतं.

मनकर्णेच्या लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच वऱ्हाडाला कापसाचं वेड लागलं. सातासमुद्रापार कुठं तरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद झाला होता आणि इकडच्या कापसाला कधी कुणी ऐकला नव्हता असा भाव आला होता. ज्याच्याकडं हातभर जमीन होती त्यानं ज्वारी मोडून कापसाची पऱ्हाटी लावली. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. पण ज्वारी नाही म्हणजे कडबा नाही, आणि पऱ्हाटीच्या काड्या काही बैल खात नाही. चांदीच्या शेंब्यांखाली बैलांच्या बरगड्या दिसू लागल्या. शहाणपण आधी विकायचं आणि मग बाजारात शोधत फिरायचं, ही आपली जुनी खोड.

पुंजारामच्या गोठ्यात मात्र उलटं झालं. मनकर्णेनं एका वाफ्याचे चार वाफे केले होते. रोज एक पट्टा कापायचा, दिवसभर उन्हात टाकायचा, सरकीच्या पेंडीचा हात फिरवून, कुटारात कालवून संध्याकाळी दावणीत घालायचा. खैऱ्या अधाशी, चांद्या सावकाश. ती दोघांमध्ये बसून घास वाटायची. दावणीत उरलेलं, तुडवलेलं, शेणानं माखलेलं सगळं ती गोळा करून वांग्यांच्या बुडाशी पुरायची, कारण बाप तसंच करायचा. त्या वांग्यांना अशी फळं धरली की झाडांना काठ्या द्याव्या लागल्या. सगळ्यात जुना वाफा तिनं खणून काढला आणि तिथं कांदा लावला, तर माती भाजलेल्या पिठासारखी मोकळी झाली होती. सूर्यभानानं ती हातात घेऊन चुरली, बराच वेळ चुरत राहिला आणि तसाच निघून गेला. त्याच्याकडून तेवढं म्हणजे पुष्कळच होतं.

हे सगळं ती कशासाठी करत होती ते फक्त तिलाच ठाऊक होतं. तिचा हिशेब साधा होता. परतवाड्याची वाट लांबची, नदी-नाल्यांची. बैल धड असले तर सासरा नाही म्हणणार नाही. बैल धड ठेवायचे.

आणि इथंच सगळं फसलं. करायला गेली गणपती आणि झालं माकड. कापूस खामगावच्या पेठेत पोचवायला बंड्या मिळेनात, कारण गावोगावचे बैल वाटेतच बसत होते. मग ज्याची जोडी धड त्याच्या दारात अडत्यांची माणसं येऊन बसू लागली. पुंजारामची जोडी धडच नव्हे, झळकत होती. दिवाळीपासून अडत्याच्या गाडीवानाबरोबर जी बंडी सुटायची ती अखजी उलटून पहिल्या पावसानं रस्ते चिखलात जाईपर्यंत घरी टेकायची नाही. भाडं चांगलं मिळे, त्याबद्दल पुंजारामला दोष देण्यात अर्थ नाही. माळ्याच्या जन्मात असा पैसा पुन्हा दिसणार नव्हता. अखजी जवळ आली की मनकर्णा भाकरी वाढता वाढता विचारायची आणि तो खाली मान घालून म्हणायचा की एवढी खेप होऊ दे. खेप व्हायची, दुसरी लागायची. जितका घास ती चांगला करी, तितकी तिची जोडी लांब जाई.

दुसऱ्या वर्षी पौषात बांगड्या भरणारा कासार परतवाड्याला लागून असलेल्या एलिचपुराकडून आला. त्यानं मनकर्णेचा हात हातात घेतला, बांगडी अर्धी चढवली आणि मग खाली ठेवली. देवीदास गेला होता. तापानं पडला होता आणि पडल्या पडल्या लेकीचं नाव काढत होता, एवढं त्या कासारानं सांगितलं. त्यानं ते सांगायला नको होतं, पण लोक सांगतातच. बंडी तेव्हा खामगावच्या वाटेवर होती. मनकर्णा सूर्यभानापुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली की आपण दोघं पायी जाऊ. सूर्यभान गडबडला. त्यानं बापाकडं पाहिलं.

"पायी गेली तं तुयी माय तुले पाहूनच मरन," पुंजाराम म्हणाला. "आधीच नवरा गेला तिचा. त्यात नवरा लेकीले टाकून द्याले आला म्हनून गाव तिच्या दारात जमा होईन. बंडी येऊ दे."

बंडी आली तेव्हा दिवस-तेरावं सगळं होऊन गेलं होतं. मग आता जाऊन काय करायचं, असं ठरलं. ठरवणाऱ्यांत मनकर्णा नव्हती.

त्यानंतर माहेर म्हणजे एकटी पार्बताबाई, तिची माय. येणाऱ्या-जाणाऱ्याकडून निरोप यायचे, डोळ्यांनी कमी दिसतं, छावणीनं झोपडी राहू दिली आहे, लेक कधी येते. मनकर्णा निरोप ऐकायची आणि घास कापायला जायची. घासाचा तो हिरवा, किंचित उग्र वास म्हणजे तिच्यासाठी बापाचं अंगण. वाफ्यात वाकली की तिला क्षणभर खरंच वाटायचं की मागून कुणी तरी हाक मारील. तो क्षण गेला की अधिकच रितं वाटायचं, पण म्हणून काही ती वाकायची थांबली नाही.

एका वर्षी मात्र तिचं डोकं फिरलं. याच बैलांनी आपली वाट अडवली आहे, तर होऊ देत तेही शेजाऱ्यांच्या बैलांसारखे, मग कोणी अडत्या फिरकणार नाही. तिनं विळा आढ्याला खोचून ठेवला. घास वाढला, निळ्या फुलांनी भरला, मधमाश्या आल्या. बंडी खेप करून परतली, बैल सुटले आणि रिकाम्या दावणीपाशी येऊन उभे राहिले. खैऱ्यानं दावण हुंगली, मग मान वळवून तिच्या हाताकडं पाहत राहिला. तिनं तोंड फिरवलं. दुसऱ्या सांजेलाही तो तसाच पाहत राहिला, तेव्हा तिनं विळा काढला. वाफ्यात बसून ती कापत होती आणि रडत होती, स्वतःवर चिडत होती आणि कापत होती. माणसाला माणसाशी वाईट वागता येतं. ज्याला हातानं चारलं त्याच्याशी तेवढं जमत नाही.

मग ती लढाई संपली. कशी संपली ते इकडं कुणाला कळलं नाही, पण भाव पडला तो सगळ्यांना कळला. तशात आगगाडी अकोल्यापर्यंत आली आणि जो कापूस बंड्या महिनाभर ओढायच्या तो ती दोन दिवसांत पोचवू लागली. अडत्यांची माणसं दारात यायची बंद झाली. शेंब्या मोडीत निघाल्या. गावात सगळे सुतकी तोंड करून बसले होते आणि त्यात एकच बाई अशी होती की जिच्या पोटात आनंद मावत नव्हता. तो दाखवायची तिला लाज वाटे, म्हणून ती उगाच भांडी घासत बसे.

अखजीच्या आधी पुंजाराम स्वतः होऊन म्हणाला की उद्या निघायचं, मी स्वतः जुंपतो आणि सूर्यभान तुला नेऊन घालील. चार वर्षांत त्यानं केलेल्या टाळाटाळीची त्याला टोचणी होती, हे मला दिसतं. त्याच्या तोंडून ते कधी निघालं नाही. त्या पहाटे मनकर्णा चुलीपाशी सांजोऱ्या तळत होती. सून वाटेला लागणार, बैलांनी वाटेत कुठं ढिलं पडू नये, असं म्हाताऱ्याच्या मनात आलं. एरवी तो घासाच्या वाफ्यात पाऊल टाकत नसे, ते मनकर्णेचं राज्य. त्या दिवशी तो विळा घेऊन तिथं गेला. वाफ्याला आदल्या सांजेला पाणी दिलेलं, घास कोवळा, हाताला ओला लागत होता. रात्री कुटार संपलं होतं आणि बैल उपाशी होते. त्यानं भारेच्या भारे कापले आणि दोघांपुढं टाकले. इतकी वर्षं हा घास खाऊनच बैल झळकत होते, मग त्यात चूक ती काय होणार?

गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत बंडी गेली आणि खैऱ्या थांबला. सूर्यभानानं शेपटी पिळली, तरी हलेना. डावी कूस ढोलासारखी ताठ झाली होती, जीभ बाहेर लोंबत होती. मनकर्णेनं त्याच्या ओठांना लागलेला ताजा हिरवा फेस पाहिला आणि तिला सगळं कळलं. जवसाचं तेल आणा म्हणाली, हिंग आणा, तोंडात आडवी काडी बांधा, चालवा त्याला, बसू देऊ नका. गाव धावलं. सगळं केलं. ऊन डोक्यावर यायच्या आत खैऱ्या निंबाखाली आडवा झाला तो उठला नाही. चांद्या सावकाश खाणारा, म्हणून वाचला.

दुसरा बैल मागावा तर त्या अखजीला सगळ्यांच्याच बंड्या मोकळ्या झाल्या होत्या आणि साऱ्या लेकींना आणायला गेल्या होत्या. वेशीतून दुसऱ्यांच्या पोरी येत होत्या. बाया म्हणाल्या की अपशकुन झाला, पुढल्या साली जाशील. मनकर्णा खैऱ्याची मान मांडीवर घेऊन बसली होती. ती बैलासाठी रडत होती की माहेरासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं. पुंजाराम समोर मातीत बसला होता.

"त्या घासानंच झालं ना?" त्यानं विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. तिनं डोळे पुसले. "ओला होता, मामाजी. उपाशी पोटी चालत नाई तो. मीच कोनाले सांगतलं नाई."

"मी कुठी इचारलं," पुंजाराम म्हणाला.

मग तो उठला. बंडीतलं तिचं गाठोडं काढलं, सांजोऱ्यांचा डबा त्यावर ठेवला, आणि सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. मेला तरी ज्यानं पागोट्यावर पाटीसुद्धा घेतली नसती असा तो माणूस. सूर्यभान पुढं झाला तर त्यानं त्याला बैलापाशी थांबायला सांगितलं.

"चाल, पोरी," तो म्हणाला. "सासरा संग असल्यावर कोन म्हनीन टाकली म्हनून?"

असे ते निघाले. म्हातारा पुढं, डोक्यावर गाठोडं. सून मागं, हात रिकामे. वाटेत लोक थांबून पाहत. कुणी काही विचारलं नाही तरी पुंजाराम आपणहून सांगायचा की सून हाय मायी, माहेरी पोचवून राहिलो. दर गावात सांगायचा. दिवस तापला की झाडाखाली बसायचे, मुक्कामाला अंजनगावच्या धर्मशाळेत टेकले आणि शहानूरचं कोरडं पात्र उतरून पुन्हा चालू लागले. मनकर्णेनं दोनदा गाठोडं मागितलं, त्यानं दिलं नाही. त्याच्या टाचा फुटल्या होत्या. तिचं लक्ष मात्र डाव्या हाताच्या डोंगरावर होतं. चार वर्षं जी नुसती रेघ होती तिच्यात आता झाडं दिसत होती, दऱ्या दिसत होत्या, आणि तिची पावलं आपोआप भरभर पडत होती. शेवटच्या वळणावर ती सासऱ्याच्या पुढं निघून गेली आणि तिला त्याचं भानच राहिलं नाही.

पार्बताबाई झोपडीपुढं गोवऱ्या रचत होती. डोळ्यांनी तिला अंधुकच दिसायचं, पण लेकीची चाल मायला डोळे मिटूनही कळते. रस्त्यावर बंडी नव्हती, मुऱ्हाळी नव्हता. एकटी बाई धुळीनं भरलेल्या पायांनी येत होती. पार्बताबाईच्या हातची गोवरी पडली. ती धावत सुटली, अर्ध्या वाटेत लेकीला धरलं, तोंडावरून हात फिरवला, खांद्यांवरून, दंडांवरून, जणू कुठं काही मोडलंय का ते पाहत होती. शेजारच्या बाया दारात आल्या.

"टाकली काय वो माये तुले?" ती म्हणत होती. "टाकली काय?"

मनकर्णेनं वळून मागं वाटेकडं पाहिलं. तेवढ्यात पुंजाराम धापा टाकत पोचला. त्यानं गाठोडं खाली ठेवलं, पागोटं काढून हातात घेतलं आणि वाटभर घोकलेलं विहिणीला, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की ईनबाई, टाकली नाई, मी सोता आनून पोचवली, बैल मायाच हातानं मेला म्हनून पायी यावं लागलं.

पार्बताबाईनं मान वर केली. आवाज कुठून येतो ते तिनं अदमासानं पाहिलं. लेकीला तिनं सोडलं नव्हतं. ती रागावली नव्हती, ओरडलीही नाही. एखादी साधी गोष्ट सांगावी तशी म्हणाली,

"टाकलीच असती तं बरं झालं असतं, ईवाई. पायीच आली असती, पन तिच्या बापाले दिसली असती."